प्रश्न क्रमांक सतरा

जुनी गाडी घेताना माणसं टायरला लाथ मारून बघतात, बॉनेट उघडून आतल्या न कळणाऱ्या वस्तूंकडे गंभीरपणे पाहतात आणि पैसे देऊन मोकळी होतात. कार्बनरावांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी एकेचाळीस प्रश्नांची यादी टाईप केली, तीही दोन प्रतींत, आणि गाडी विकणाऱ्या भूगोलाच्या सरांपुढे ठेवली.

"प्रत्येक प्रश्नापुढं उत्तर लिहा आणि खाली सही करा," ते म्हणाले.

सरांनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. सोडवायची वेळ निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आली. त्यांनी चष्मा पुसला, पाण्याचा ग्लास शेजारी ठेवला आणि तासभर खाली मान घालून पेपर सोडवला. गाडीला कधी अपघात झाला आहे काय? नाही. पावसात काचेतून पाणी आत येते काय? उजवीकडून, थोडे. प्रश्न क्रमांक सतरा : गाडी मागे घेताना काही आवाज येतो काय? नाही. मग सरांनी कार्बनरावांना शेजारी बसवून गाडीची एक फेरी मारून दाखवली. अंगणाच्या मागच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, वस्तीला वळसा घालून पुढच्या फाटकातून आत आली. इंजिन गुणी मुलासारखं चाललं. कार्बनरावांनी जागच्या जागी व्यवहार पुरा केला.

कार्बनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कचेरीत आवक-जावक विभागात होते. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं आणि प्रत्येकाची प्रत ठेवायची. कार्बन पेपर केव्हाच इतिहासजमा झाला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. भाजीची यादीसुद्धा ते दोन प्रतींत करत. एक बायकोकडे, एक स्वतःच्या खिशात. एकतीस वर्षांत आपल्या हातून एकही खोटं वाक्य कागदावर उतरलेलं नाही, हे ते अधूनमधून सांगत. ऐकणारे विषय बदलत.

गाडी घेतली ती बायकोच्या कमरेसाठी. डॉक्टरांनी स्कूटरवर बसायला बंदी केली आणि तिचं थोरल्या बहिणीकडे जाणं थांबलं. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एकटीच. दोन बस बदलाव्या लागत आणि बसच्या पायऱ्या चढणं कमरेला जमत नसे. ताईला फोनवर धड ऐकू येत नसे, त्यामुळे फोनवर दोघी एकमेकींना फक्त "काय म्हणालीस?" एवढंच म्हणत. असे दहा महिने गेले.

त्याआधीही भेट म्हणजे महिन्यातून एक रविवार. दहाला पोचायचं, बाराला उठायचं. पावणेबाराला कार्बनराव घड्याळ बघत, बाराला पाच कमी असताना उभे राहत. मग बहिणींच्या तोंडचं वाक्य अर्धवट राहायचं. पुढच्या महिन्यात तेच वाक्य पुन्हा सुरू व्हायचं आणि पुन्हा तिथंच तुटायचं. बायको कधी तक्रार करत नसे, पण परतताना ती फार गप्प असे. हे काही कार्बनरावांच्या नोंदवहीत आलेलं नव्हतं.

गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ती दोघं ताईकडे निघाली. ताईचं घर एका बोळाच्या टोकाला होतं. बोळ गाडीपेक्षा हातभरच रुंद, उताराचा, आणि ताईच्या दाराशी संपणारा. कार्बनरावांनी गाडी मोठ्या डौलात थेट दारापर्यंत नेली. ताईनं गाडीभोवती फिरायचा प्रयत्न केला, पण जागा नव्हती, म्हणून समोरूनच कौतुक केलं.

बारा वाजता कार्बनरावांनी गाडी मागे घ्यायला गिअर टाकला. गिअर पडला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा ओढला, बूट काढून क्लच दाबला, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. पुढचे सगळे गिअर पडत होते, पण पुढे ताईचा उंबरा होता.

मग बोळातली माणसं जमली. प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता आणि एकाकडेही गाडी नव्हती. सहाजणांनी मिळून गाडी उलटी चढावर ढकलली. ती चार पावलं वर गेली, तिथं सगळ्यांना दम लागला आणि ती सावकाश पुन्हा ताईच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"राहू दे की," ताई म्हणाली. "तिलाच जायचं नाहीये."

मेकॅनिकला फोन लावला. त्याने सांगितलं, गुरुवारच्या आत जमणार नाही. गाडी बोळात टाकून बायकोला बसने घरी नेणं शक्य नव्हतं, म्हणून दोघं ताईकडेच राहिली. कार्बनराव रोज सकाळी बसने कचेरीत जात आणि संध्याकाळी परत येत. बोळातले लोक अंग चोरून गाडीशेजारून जात, पण दोन दिवसांत त्यांना तिची सवय झाली. समोरच्या बाईंनी तर उशांचे अभ्रे बॉनेटवर वाळत घालायला सुरुवात केली. आणि स्वयंपाकघरात दोघी बहिणींचं ते तीस वर्षांचं अर्धवट वाक्य एकदाचं पुरं झालं. नंतर त्यांना दुसरी वाक्यं सापडली. मंगळवारी संध्याकाळी कार्बनराव दारात पोचले तेव्हा आतून इतक्या जोरात हसण्याचा आवाज आला, की आपण चुकून दुसऱ्याच घरी आलो असं त्यांना वाटलं. बायकोचं हे हसणं त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं.

गुरुवारी मेकॅनिक आला, गाडीखाली झोपला, गिअरबॉक्स उतरवला आणि बराच वेळ खालूनच हसत राहिला.

"साहेब, हा गिअर नवाकोरा आहे. एक दातसुद्धा झिजलेला नाही," तो म्हणाला. "गाडी अकरा वर्षं वापरली, पण मागं कधी घेतलीच नाही कुणी. सांधा गंजून बसलाय."

"असं कसं होईल? आवाज येत नाही असं लेखी दिलंय त्यांनी."

"न वापरलेल्या वस्तूचा आवाज कुठून येणार?"

सांधा बदलावा लागला, बिल झालं आठ हजार चारशे. त्या संध्याकाळी घरी आल्याआल्या कार्बनरावांनी पत्र टाईप करायला घेतलं. विषय : सदोष वाहनाच्या दुरुस्तीखर्चाची वसुली. सोबत : बिल, तसेच प्रश्नावलीची प्रत.

"राहू द्या ना," बायको म्हणाली.

"का म्हणून? बिघडलेली गाडी गळ्यात मारली त्यांनी."

"मला काही ती बिघडलेली वाटली नाही," बायको म्हणाली आणि पिशवीतले कपडे कपाटात ठेवू लागली. एकेक कपडा ती फार हळू ठेवत होती. कार्बनराव टाईप करत होते.

शनिवारी ते गाडी घेऊन सरांकडे गेले. सरांनी पत्र दोनदा वाचलं, मग प्रश्नावली हातात घेतली आणि सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"तुम्ही विचारलंत, आवाज येतो का. मी लिहिलं, नाही. उत्तर बरोबर आहे."

"पण गाडी मागं जातच नव्हती, सर."

"ते तुम्ही विचारलं नाहीत."

कार्बनरावांनी प्रश्न पुन्हा वाचला. त्यांनी आयुष्यात अनेकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या होत्या, आणि ही चूक त्यांच्या स्वतःच्या मसुद्यात होती. दोन्ही प्रतींत होती.

"पण सर, अकरा वर्षं मागं घेतल्याशिवाय गाडी चालवली कशी तुम्ही?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. उत्तर आतून आलं. सरांच्या बायको पाणी घेऊन येत होत्या.

"त्यांना मागं घेताच येत नाही," त्या म्हणाल्या. "पन्नाशीत शिकले. पहिल्याच दिवशी कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचं पाडलं. मग मीच म्हटलं, आपण मागच्या भिंतीला दुसरं फाटक करू. या बाजूनं यायचं, त्या बाजूनं जायचं."

"तिथं हिची गुलाबाची झाडं होती," सर हळूच म्हणाले. "अकरा. तिनं काढली आणि सगळ्यांना सांगितलं, हवा खेळावी म्हणून फाटक केलं."

"आणि बाहेर गेल्यावर?" कार्बनरावांनी विचारलं.

"पृथ्वी गोल आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज आता वर्गातला झाला. "पुढं जात राहिलं की माणूस घरी येतोच. थोडं लांबून येतो एवढंच."

"एकदा भाजी आणायला गेले होते ते दोन गावं करून आले," बाई म्हणाल्या.

तिघंही हसले. मग हसणं संपलं आणि बिल टेबलावर तसंच राहिलं. सर उठले, कपाटातून पाकीट काढून त्यांनी सगळे आठ हजार चारशे मोजले आणि पुढे केले. पाकीट रिकामं झालेलं कार्बनरावांना बघवेना.

"निम्मे," ते म्हणाले. "उत्तर तुमचं, पण प्रश्न माझा. चूक दोघांची."

त्यांनी चार हजार दोनशे घेतले आणि पावती लिहिली, दोन प्रतींत. सर ती निरखून वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "एक विनंती आहे. मागं जाताना ती कशी दिसते, मला दाखवाल का?"

सर कार्बनरावांशेजारी बसले. बाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. गिअर अलगद पडला आणि गाडी पुढच्या फाटकातून उलटी बाहेर निघाली. कार्बनराव मान वळवून मागे बघत होते. सर मात्र समोर बघत होते. समोर घर लहान होत चाललं होतं आणि पायरीवर बाई एक हात वर करून उभ्या होत्या. गाडी रस्त्याला लागली, कोपऱ्यापर्यंत गेली, तरी त्या तशाच उभ्या.

"ही रोज एवढा वेळ उभी राहायची?" सर म्हणाले. "मी रोज त्या मागच्या फाटकातून पाठ फिरवून निघून जायचो. मला वाटायचं, आत गेली असेल."

कार्बनरावांनी गाडी पुन्हा पुढच्या फाटकातून आत आणली. सरांना पायरीपाशी सोडून ते घरी आले. वसुली झाली होती, पण बायकोला पैसे दाखवायचं ते विसरले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहाला दोघं ताईकडे पोचली. गाडी दाराशी लागलेली बघून समोरच्या बाईंनी खिडकीतूनच विचारलं, "झाली का दुरुस्त?" कार्बनराव हो म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा पडला.

पावणेबाराला कार्बनरावांनी घड्याळ बघितलं. बाराला पाच कमी असताना ते उभे राहिले. आत बायको काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली आणि पदर सारखा करून बाहेर आली. दोघी दारात एकमेकींना "जपून" म्हणाल्या. गाडी सुरू झाली. गिअर पडला, गाडी चढावर उलटी निघाली.

बोळाचं वरचं तोंड मोकळं आहे एवढं बघून कार्बनरावांनी क्षणभर मान समोर वळवली. समोरच्या काचेत फक्त ताई होती. एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात वर. तीस वर्षं ते स्कूटरला किक मारून निघून जात आले होते. गुरुवारी निघतानाही त्यांची मान सगळा वेळ मागेच वळलेली होती. पाठीमागे ही अशी उभी राहते, आणि वर केलेला हात हळूहळू कसा खाली येतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेजारी बायको बसली होती. तिनेही हात वर केला होता आणि तो खाली घ्यायला ती विसरली होती.

गाडी थांबली. पहिला गिअर पडला, आणि ती उतारावरून सरळ खाली येऊन ताईच्या दाराशी उभी राहिली.

"काय विसरलं?" ताईने विचारलं.

"विसरलं काही नाही. रिव्हर्स अडकला," कार्बनराव म्हणाले.

"अहो, आत्ता तर मागं जात होती," बायको म्हणाली.

"हो. जाता जाता अडकला."

ताईला फोनवर ऐकू येत नसे, हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. ती आत गेली आणि तिने भाताला आणखी तांदूळ काढले. बायको नवऱ्याकडे बघत राहिली.

"मेकॅनिक कधी येईल?"

"गुरुवारी म्हणतोय."

"कधी विचारलंत त्याला?"

कार्बनरावांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"बरं," बायको म्हणाली. "त्याला उगीच घाई करू नका." ती उतरली आणि डिकी उघडून तिने एक भरलेली पिशवी बाहेर काढली.

"हे काय?"

"चार दिवसांचे कपडे. दोघांचे. जुनी गाडी आहे, म्हटलं असावेत बरोबर."

समोरच्या बाई अभ्रे घेऊन बाहेर आल्याच होत्या. बॉनेट अजून गरम होतं, त्यामुळे लवकर वाळणार होते. कार्बनराव ताईच्या उंबऱ्यावर बसले, खिशातून कागद काढला आणि मांडीवर ठेवून कचेरीला चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण : वाहनात अचानक बिघाड झाल्यामुळे. आतून हसण्याचा आवाज आला तसं त्यांनी खाली सही केली, कागदाची घडी घातली आणि पाकिटात टाकली. या अर्जाची प्रत त्यांनी ठेवली नाही.