गांडुळांची वामकुक्षी

प्राचार्य प्रयोगशाळेत घुसले ते थेट गांडूळसरांना मिठी मारायलाच. एरवी या सरांशी हात मिळवतानाही, तो हात आधी कुठल्या मातीत होता याचा विचार ते करत.

"सर, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!"

झालं होतं असं, की देशोदेशींच्या महाविद्यालयांचं संशोधन एकाच मापाने मोजायची टूम निघाली होती. आपल्या शोधनिबंधाचा उल्लेख जगात किती जणांनी केला, त्यावर क्रमांक. या महाविद्यालयाच्या वाट्याला बहुतेक भोपळेच आले होते. फक्त गांडूळसरांच्या एका जुन्या निबंधाचा उल्लेख झाडून सगळ्या देशांनी केला होता. गांडुळं दुपारी वामकुक्षी घेतात, असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता.

ज्या गांडूळ विभागाला टाळं ठोकून तिथे सायकलस्टँड करायचं ठरलं होतं, त्याला एका आठवड्यात नवा रंग लागला. परदेशातून परीक्षकबाई पाहणीला यायच्या होत्या.

"जगाने तुमच्याबद्दल काय म्हटलंय, ते मी स्वागताच्या भाषणात वाचणार," प्राचार्य म्हणाले. "चांगली चांगली वाक्यं काढून द्या."

आपला उल्लेख करणारे ते निबंध सरांनी कधी उघडलेच नव्हते. आपलं कौतुक आपणच काय वाचायचं! त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात संगणक घेऊन बसले. पहिला निबंध वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काय म्हणतायत?" भाजी चिरता चिरता बायकोने विचारलं.

"हा म्हणतोय, 'प्रयोग कसा करू नये याचा उत्तम नमुना.'"

"उत्तम म्हणतोय ना?"

"दुसरा म्हणतोय, 'कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना हसवायला उपयोगी.'"

"अगंबाई! म्हणजे झोपत नाहीत का ती?"

"यांची सगळ्यांची गांडुळं टक्क जागी असतात! पण गांडूळ हललं की रेघ ओढणाऱ्या माझ्या यंत्रावर दुपारी एकही रेघ उमटायची नाही. याच घरात, याच गॅलरीत!"

बायकोची सुरी थांबली. "ते गॅलरीतलं यंत्र होय? त्याची पिन मी दुपारी काढायचे. इस्त्री करायला. पण झाल्यावर परत लावायचे हं, अगदी न विसरता."

सरांनी संगणक मिटला.

"रागावलात?"

"छे. जगात आपली इस्त्री प्रसिद्ध आहे, एवढंच पचवतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना गाठलं. "सर, ते कौतुक नाहीये. टिंगल आहे."

प्राचार्यांचा चेहरा पडला. "किती जणांनी केलीय?"

"सगळ्यांनी."

"म्हणजे आकडा तोच राहतो ना?" प्राचार्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तरतरी आली. "मग तोंड मिटून बसा. बाईंसमोर येऊच नका."

पाहणीच्या दिवशी प्राचार्यांनी परीक्षकबाईंना ग्रंथालय दाखवलं, व्यायामशाळा दाखवली, दाखवण्यासारखं काही उरेना तेव्हा पाण्याची टाकी दाखवली. बाईंचं मात्र एकच पालुपद, "ते गांडूळवाले कुठायत?"

"आजारी आहेत हो. अंथरुणाला खिळलेत."

तेवढ्यात जिन्यावरून गांडूळसर खाली आले. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. विभाग जाणार हे दिसत असूनही त्यांना राहवेना.

"बाई, मीच तो. आमची गांडुळं झोपत नाहीत. यंत्राची पिन काढून घरात इस्त्री चालू होती."

प्राचार्यांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"इस्त्री!" बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हीच झोपत असाल. अहो, तुमची चूक पहिल्यांदा मी दाखवली. माझ्या त्या निबंधाचा एवढा बोलबाला झाला, की मला बढती मिळाली, स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली. तुमचे आभार मानायचे होते."

"आणि आमचा क्रमांक?" प्राचार्यांनी चाचरत विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय? आम्ही फक्त मोजतो, वाचत नाही."

मग इकडेतिकडे बघत बाई सरांच्या जवळ सरकल्या. "पुढच्या वर्षी आमच्याही विभागाची मोजणी आहे हो. नवीन काही लिहिताय का? असंच?"

सर तोंड उघडणार, तोच प्राचार्य मध्ये पडले.

"लिहितायत की! कधीपर्यंत हवंय?"