घरगाडीतला पेला

दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या वाडीतले बापू केरकर एक पितळी पेला पाण्याने काठोकाठ भरत, तो आपल्या मोटारीतल्या पलंगावर ठेवत आणि मोटार ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत नेऊन परत आणत. आल्यावर इंजिन बंद करण्याआधी ते मागे जाऊन पेला बघत. गादी ओली झालेली असे. मग "अजून नाही" एवढंच म्हणून ते गादी कठड्यावर वाळत घालत. त्यामुळे बापूंचा रविवार कसा गेला, हे सगळ्या वाडीला गादीवरून कळे.

मोटारीत पलंग कसा, असं कुणी विचारील. बापूंच्या मोटारीत पलंग होता, भिंतीतलं कपाट होतं, तोंड धुवायचं पत्र्याचं भांडं होतं आणि स्टोव्ह ठेवायला फळीही होती. लढाईच्या काळात कुणी गोरा इंजिनिअर तीत बिऱ्हाड करून हिंडत असे. पुढे ती माझगावला एका भंगारवाल्याच्या अंगणात कोंबड्यांच्या कामी आली. बापू तिथे घड्याळाची एक जुनी स्प्रिंग शोधायला गेले आणि संध्याकाळी ही मोटार बैलगाडीला बांधून घेऊन आले. स्प्रिंग मात्र विसरले.

बापू पेशाने घड्याळजी. वाडीच्या तोंडाशी, जिन्याखाली त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडात एकच वाक्य: "सावकाश. पण आजच." गिऱ्हाइकाने घड्याळ कधी मिळेल विचारलं की हेच उत्तर. त्यातला 'सावकाश' तेवढा खरा ठरे.

मोटारीची गरज मात्र खरी होती. शांतावहिनी, त्यांची पत्नी, जिन्यावरून पडून पाठीचा कणा दुखावून बसल्या होत्या. बसल्या म्हणणंही चूक. चार वर्षं त्या आडव्याच होत्या. माहेर कारवारचं. एकदा माहेरच्या मागच्या दारी पडून समुद्राचा आवाज ऐकायचा, एवढाच त्यांचा हट्ट. डॉक्टर म्हणाले, "न्या की. पण झोपवून न्या, आणि धक्का लागता कामा नये." बापूंनी डॉक्टरांचं वाक्य घड्याळासारखं उघडून पाहिलं, आणि त्यातून हा पेला निघाला. पेल्यातलं पाणी सांडलं नाही, की वहिनींना निघायला हरकत नाही.

मोटार आली तेव्हा चालत नव्हतीच. बापूंनी आधी ती घर म्हणून तपासायला घेतली. छत गळतं का पाहायला वाडीतल्या बायकांना वरून बादल्या ओतायला लावल्या. छत सात ठिकाणी गळलं. कुजलेल्या फळ्या बदलल्या. कोंबड्यांची पिसं आणि गोऱ्याच्या वेळचे ढेकूण काढता काढता दिवाळी आली. मग पूजेचा प्रश्न निघाला. गुरुजींनी विचारलं, "वास्तुशांत करायची, की वाहनाची पूजा?"

"उभी असली की घर, निघाली की वाहन," बापू म्हणाले.

"मग आज काय समजायचं?"

"आज उभी आहे."

वास्तुशांत झाली. पुढे मोटारीचं काहीही बिघडलं की वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणत, "बिघडायचंच! वाहनाची पूजा राहिलीय."

इंजिनासाठी लालबागहून गणपत मिस्त्री येत. ते मालवणकडचे, मोठ्या पान्याचे माणूस. बापू भिंग लावून प्लगचं टोक न्याहाळत बसले की मिस्त्रींचा जीव जाई. "बापूंनू, ही लॉरीची जात आसा, मनगटावरचा घड्याळ नाय!" टाकी गंजलेली, टायर उभ्या उभ्या तडकलेले, ब्रेक नावापुरते. ते सगळं मिस्त्रींनी रुळावर आणलं. पण बापूंचं भांडण कमानींशी होतं. लोखंडी पट्ट्यांच्या त्या कमानी ओझ्यासाठी केलेल्या, पेल्यासाठी नव्हे. बापूंनी पट्टे काढून घासले, एक कमी केला, एक पातळ घातला, ग्रीस भरलं. पाणी सांडतच राहिलं.

"गाडी आसा ती, पाळणो नाय," मिस्त्री म्हणाले.

"मग पाळणा करा. सावकाश. पण आजच."

कमानी ऐकेनात तेव्हा बापूंनी रस्ता शिकायला घेतला. एका वहीत त्यांनी वाडीपासूनचे खड्डे उतरवले: कुठला डावीकडे, कुठला किती बोटं खोल, कुठे गटाराचं झाकण वर आलंय. आधी नाक्यापर्यंत, मग थेट चौपाटीपर्यंत. कारवारपर्यंतची वही किती जाड होईल, हे मी विचारलं नाही. मी शाळामास्तर, असले हिशेब मुलांनाच घालावेत.

वहिनी पडल्या पडल्या इंजिनाचा आवाज ऐकत. "आज सवत डावीकडून खोकतेय," त्या म्हणत. तळमजल्याच्या खिडकीतून त्यांना मोटार दिसत नसे, पण मिस्त्रींना शेवटी ते डावीकडेच सापडे.

याच सुमारास कारवार आपल्याकडून गेलं. नकाशावर नवी रेघ आली आणि वहिनींचं माहेर परराज्यात पडलं. वाडीच्या मंडळाचे चिटणीस सामंत यांना एकदम बापूंच्या मोटारीत अर्थ दिसू लागला. त्यांनी सभा बोलावून ठराव मांडला: मोटारीला 'सीमारथ' हे नाव द्यावे, तिच्यावर फलक लावावा, आणि ती संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याच्या अग्रभागी असावी. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. मोटारीच्या मालकाला विचारायचं राहिलं होतं.

"फलकाला खिळे लागतात," बापू म्हणाले. "खिळ्यांनी छत गळेल."

"अहो, इथे महाराष्ट्राचा प्रश्न आहे!"

"माझा छताचा आहे."

सामंतांनी महिनाभर बापूंशी अबोला धरला. घड्याळ मात्र त्यांच्याकडेच टाकलं होतं.

शेवटी एका रविवारी पेल्यातलं पाणी फक्त दोन थेंब सांडलं. "दोन थेंबांना मी भीत नाही," वहिनी म्हणाल्या. पुढच्या सोमवारी निघायचं ठरलं. वहिनींना पाठीखालच्या फळीसकट उचलून मोटारीतल्या पलंगावर ठेवलं, उशाशी पेला ठेवला. चाकाखाली लिंबं, समोर नारळ. राहिलेली पूजाही उरकली. मी सोबतीला मागे बसलो.

नाक्यावर समोरून मोर्चा आला आणि त्याच क्षणी रेडिएटरमधून वाफ येऊन इंजिन बंद पडलं. मोटारीचा रंग लष्करी. "पोलिसांची गाडी!" कुणीतरी ओरडलं. पत्र्यावर दोन धोंडे बसले. बापू हात वर करून खाली उतरले. कपाळावर भिंग तसंच.

"आत बायको आहे हो माझी!"

एका गिरणी कामगाराने मागचं दार उघडलं. वहिनींनी त्याच्याकडे मान वळवली. "बघतोस काय? माहेरी निघालेय. कारवारला."

"कारवारला?" तो मागे वळून ओरडला, "अरे, बाई कारवारला निघालीय!"

मग जी गर्जना झाली, तिने पेला तेवढा हलला. "कारवारसह झालाच पाहिजे!" तीस-चाळीस जण मोटारीला भिडले आणि ढकलू लागले. मोर्चा चौपाटीवर निघाला होता. मोटारही चौपाटीवर निघाली. मोर्च्यातले सामंत आपोआप अग्रभागी गेले. त्यांचा ठराव अमलात आला होता. बापू मागे-पुढे धावत होते, वही उघडून ओरडत होते, "डावीकडे घ्या! झाकण आहे! सावकाश!" आणि ते अनोळखी लोक घोषणा देत, घाम पुसत, त्यांच्या हुकमाने डावीकडे घेत होते.

चौपाटीवर बापूंनी पेला पाहिला. काठोकाठ होता. तीन वर्षं इंजिनाला जमलं नाही ते माणसांच्या हातांना जमलं होतं. मिस्त्रींना हे कसं सांगावं, ते बापूंना कळेना.

आम्ही मागचं दार समुद्राकडे करून उघडलं. वहिनी बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हाच समुद्र कारवारला लागतो ना हो?"

"हाच."

"मग पोचलेच म्हणायची."

पण बापूंना ते पटलं नाही. परत आल्यावर त्यांनी कमानी पुन्हा खोलल्या. पेला पुन्हा सांडू लागला. असं करत साठ साल उजाडलं. राज्य झालं, मुंबई मिळाली, वाडीत पेढे वाटले. सामंत पेढा घेऊन वहिनींकडे आले, तेव्हा वहिनींनी अर्धाच मोडून घेतला. "उरलेला कारवार आलं की द्या." सामंतांनी उरलेला अर्धा कागदात बांधून परत नेला.

श्रावणात वहिनी गेल्या. मोटार दारातच उभी होती, कमानी उतरवलेल्या.

बापूंना मूलबाळ नव्हतं. मडकं धरून ते स्वतःच पुढे चालत होते. खांदेकऱ्यांत पुढे मी आणि सामंत, मागे गणपत मिस्त्री आणि वाडीतला एक जण. नाक्याच्या अलीकडे बापू थांबले आणि वळले. वही जवळ नव्हती, लागतही नव्हती.

"मास्तर, जरा उजवीकडून. इथे चार बोटं खोल आहे."

आम्ही उजवीकडे सरकलो. पुढे झाकणापाशी ते पुन्हा थांबले, पुन्हा पाणी साचलेल्या चरापाशी. रस्ता वरून सपाट दिसत होता, पण त्यांनी टाळायला सांगितलं तिथे चुकून पाय पडला की खाली जात होता. गुरुजी घाई करू लागले, मुहूर्त की कायसं म्हणाले.

बापूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते आमच्या पायांकडे पाहत होते.

"सावकाश," ते म्हणाले.