योहाननचं आडनाव

मेघाच्या प्रबंधात योहानन नावाची चार माणसं होती आणि विद्यापीठाच्या पोर्टलच्या मते तो एकच माणूस होता. प्रकरण एवढंच होतं.

हे चौघे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे ज्यू पंडित. जुन्या ग्रंथांत कुठेकुठे नुसतं ‘योहानन म्हणाला’ एवढंच येतं. चौघांपैकी कोणता, ते कळायला मार्ग नाही. असंच एक वचन नेमकं कोणाचं, हे शोधण्यात मेघाची सहा वर्षं गेली होती. माणूस कोणाचा शिष्य, कुठल्या गावचा, कोणाशी भांडतो, पोट कशावर भरतो, यावरून ती त्याला ओळखायची. आता एकतीस तारखेच्या आत प्रबंध पोर्टलवर चढला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणीसोबत ती सहा वर्षंही.

“व्यक्तिसूचीतला आडनावाचा रकाना भरा ना, मॅडम,” पीएचडी शाखेतला अंकुश म्हणाला. “रिकामा सोडला का पोर्टल सारख्या नावाची माणसं एकात टाकून राहिलं.”

“आडनावंच नव्हती त्यायले, अंकुशभाऊ.”

अंकुशला मनापासून काळजी वाटली. “मंग लोकं ओळखत कसे होते?”

प्रकरण समितीकडे गेलं.

समितीचे अध्यक्ष रुपराव सर. नुसतं आडनाव ऐकून समोरच्याचं गाव, ताट, मत आणि बढतीचा वेग एका दमात सांगण्यात त्यांची हयात गेली होती. शेजारी शामलाबाई. त्या जात मानत नसत, आणि तसं प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घेत.

चौघांचा धंदा काय, असं सरांनी विचारलं. मेघाने सांगितलं: एक चपला बनवायचा. दुसऱ्याला लोहाराचा पोरगा म्हणत. तिसरा लोकांच्या शेतात मागे राहिलेली कणसं वेचायचा. चौथ्याने म्हणे चाळीस वर्षं व्यापार केला.

सरांचा चेहरा उजळला. “असं सांगा ना आधी.”

पंडितांच्या पिढ्या ज्या घोळात थकल्या, तो समितीने चहा यायच्या आत उरकला. शामलाबाईंना मात्र एक शंका होती. त्या जात मानत नव्हत्या, पण चपलावाल्याची जात पडताळणी करून घेतलेली बरी. उद्या कोणी हरकत घेतली तर?

“एकोणीसशे पन्नासच्या आधीचा पुरावा लागेल,” सर म्हणाले.

“अठराशे वर्षं आधीचा आहे.”

“तहसीलदाराची सही आहे त्यावर?”

सही नव्हती. शेवटी पडताळणीच्या अधीन राहून योहानन चपले, योहानन लोहारे, योहानन वेचे आणि योहानन व्यापारी अशा नोंदी झाल्या. पोर्टलने चौघांनाही बिनतक्रार वेगळं केलं आणि पाचव्या माणसाला अडवलं. पाचवी मेघा होती.

तिने स्वतःचं नाव मेघा रामाजी एवढंच लिहिलं होतं. त्या नावाच्या एका बाईला तीन वर्षांपूर्वीच गृहविज्ञानात पीएचडी मिळाली होती. पोर्टलने दोघींना एकत्र केलं आणि कळवलं, की सदर व्यक्तीची पीएचडी झालेली असून तिला पुन्हा करता येणार नाही.

“आडनाव काहून नाही लिहिलं?” सरांनी विचारलं.

बाबांनीच शाळेत घालताना ते काढून टाकलं होतं. मेघाने मग योहाननला लावलेली सगळी मापं स्वतःला लावून दाखवली. वडील अठ्ठावीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात, गाव रामटेकच्या अलीकडचं, मार्गदर्शक अमुक, वाद अमक्या-अमक्यांशी.

“ते ठीक आहे हो, मॅडम.” सरांचा आवाज आजाऱ्याची विचारपूस करावी तसा मऊ झाला. “पण आडनाव होतं कोणतं?”

“ते सांगितलं तर प्रबंध वाचाल, सर?”

शामलाबाई जात मानत नसल्यामुळे चहात पाहत राहिल्या. मेघाने सांगितलं नाही. एकतीस तारीख गेली. चारही योहानन आजमितीस पोर्टलवर सुखरूप आहेत. मेघाच्या फाईलवर शेरा आहे: ‘संशोधिकेची ओळख पटत नाही.’

तुम्हाला मात्र पटली असेल. रामाजी, हिंगणा, रामटेक, आडनाव काढून टाकणारा बाप. एवढ्यावर तुमचा अंदाज केव्हाच बांधून झाला आहे. फक्त ज्या वचनापायी तिची सहा वर्षं गेली त्यात योहानन म्हणाला तरी काय, हे समितीने एकदाही विचारलं नाही.

तुम्ही तरी कुठे विचारलंत?