तासाला दहीभात

आमचे नानाजी पेरणीला आले की गडी इकडेतिकडे सटकत. तिफणीला हात लावला की ते विचारत, "हिले तिफण कावून म्हन्तेत?" तीन फण म्हणून तिफण, एवढं कुणी सांगितल्याशिवाय बैल पुढे जात नसत. नानाजी माझे चुलत सासरे; बायको कधीच गेलेली. पाहुण्यांनाही ते सोडत नसत. माझ्या भावाला जेवताना त्यांनी विचारलं, घास हा शब्द कुठून आला? तो बिचारा म्हणाला, ताटातून. मी पदराआड लाजेनं मेले.

त्या साली सातासमुद्रापार कुठे लढाई लागली, आणि आमच्या बाळापूरकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बोंडं नुकती फुटत होती, तोच अकोल्याचा दलाल गाडी घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभा. पण आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात. शेतात दहीभात ठेवायचा, मगच कापसाला हात लावायचा. माझे मालक म्हणाले, ते मागून करू, नाहीतर हा शेजारच्या शेतात जाईल. नानाजी सरळ वाटेत बसले.

"सीता म्हंजे काय, थे सांगा अन् वेचा."

"रामाची बायको," दलाल म्हणाला. "थे तं कवाच गेली अयोध्येले. उठा, म्हातारबा."

वेचणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. मालकांनी मान खाली घातली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"सीता म्हंजे तास," नानाजी म्हणाले. "नांगरानं मातीत पडते थो. जनक राजाले तासात लेक सापडली, म्हून तिचं नाव सीता. आधी तासाले घास द्याचा, मंग आपून घ्याचं."

दलालानं गाडी वळवली. मालक हात जोडत तिच्यामागे धावले, पण ती शेजारच्या शेतात गेलीच.

मी घरी जाऊन घाईघाईनं दहीभात कालवून आणला. नानाजी मला बांधाजवळच्या एका तासापाशी घेऊन गेले. तिथे दगड नव्हता, खूण नव्हती, तरी ते नेमके थांबले. तान्हं मूल गेलं तर आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. त्यांची एक लेक अशी गेली, एवढं मी ऐकून होते. कुठे पुरली, ते कधी कुणी बोललं नव्हतं.

त्यांनी वाडग्यातला भात बोटांनी चाचपला आणि वाडगा मला परत दिला.

"अजून मऊ कर, बाई," ते म्हणाले. "तिले दात नोते."

बाया अजून हसत होत्या. मान वर न करता मी भात कालवत राहिले.