जुन्या गाड्यांची स्थळं बघणारे खांबेटे

माझ्या बापानं आयुष्यभर जी गाडी ओढली तिला नंबरप्लेट नव्हती. बार्शीच्या मार्केट यार्डातली हातगाडी, आणि तीही आमची नव्हे, भाड्याची. ज्वारीची पोती या आडतीवरून त्या आडतीवर न्यायची. उन्हाळ्यात डांबर पातळ होऊन चाकांना चिकटायचं, तेव्हा मागून रेटा द्यायला आई जायची. मी शाळेतून येताना बाप वाटेत दिसला तर दप्तर पोत्यावर टाकून मीही हात लावायचे. त्यातून मी इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. आज मी सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कला एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम बघते. हे सगळं सांगताना मला लाज वाटत नाही. ऐकणाऱ्यांना वाटते.

खांबेट्यांना मात्र वाटली नव्हती. ते आमच्याच ब्लॉकमध्ये, सिमेईला, वरच्या मजल्यावर राहतात. रॅफल्स प्लेसच्या एका फर्ममधून निवृत्त झालेले अकाउंटंट. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "लहानपणी तुमच्याकडे कुठली गाडी होती?"

मी मुद्दाम म्हटलं, "हातगाडी."

मला वाटलं, आता हा माणूस मजल्यांचे आकडे बघत बसणार. खांबेट्यांनी चष्मा वर केला. "कुठल्या बनावटीची?"

विनोद नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाभळीची," मी म्हटलं.

"आणि ब्रेक?"

"बापाच्या टाचा."

"अस्सल!" खांबेटे म्हणाले आणि माझा मजला आला तरी लिफ्टचं दार धरून बोलत उभे राहिले. तेव्हापासून मी त्यांची 'शिंदे' आणि ते माझे 'काका'.

हा माणूस रस्त्यावर जुन्या गाड्या हेरतो. सिंगापुरात हे सोपं नाही. इथे गाडी दहा वर्षांची झाली की तिचा परवाना संपतो. पुन्हा भरमसाट पैसे भरा, नाहीतर गाडी मोडीत काढा. सगळा रस्ता कसा नव्याकोऱ्या, गुळगुळीत गाड्यांनी भरलेला. खांबेटे त्यांना 'साबणाच्या वड्या' म्हणतात. या वड्यांच्या ओळीतून एखादी पन्नास-साठ वर्षांची, गोल डोळ्यांची, धूर सोडणारी म्हातारी आली की खांबेटे बोलता बोलता थांबतात, छत्री मिटतात आणि म्हणतात, "स्थळ आलं!"

मग वधुपरीक्षा. "वर्णानं निमगोरी आहे. बांधा उत्तम. आवाज जरा घोगरा, पण घराणं इंग्रज आहे हो, चालायचंच." बीटल दिसली की, "जर्मन. पाठीत पोक, पण स्वभावानं गरीब." मूळचा रंग खरवडून लाल भडक रंग दिलेल्या एका गाडीला ते म्हणाले होते, "या वयात इतकी लिपस्टिक लावू नये."

एकदा बसमधून जाताना एक्स्प्रेस-वेवर शेजारून एक जुनी मिनी गेली. खांबेट्यांनी घंटी दाबली. बस थांबेना, म्हणून पुन्हा दाबली. चालक वैतागून इथल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "अंकल, हायवे लाह! कॅनॉट!" खांबेटे त्याला मराठीत म्हणाले, "अरे बाबा, अशी मुलगी पुन्हा येणार नाही." एका गणपतीत इथल्या मराठी मंडळाची आरती चालू असताना बाहेर कसलासा फटफट आवाज झाला, तर हे निरांजनाचं ताट घेऊनच रस्त्यावर. कडेला उभ्या असलेल्या एका जुन्या जीपला ओवाळून झालं. आत पन्नास माणसं टाळ्या वाजवत उभी.

इथली चिनी मुलं-मुली लग्नाचे फोटो काढायला जुनी गाडी भाड्यानं आणतात. तशी गाडी दिसली की खांबेटे बंपर तपासायला वाकतात आणि कॅमेऱ्याचा आवाज होतो. कुणाच्या कुणाच्या अल्बममध्ये नवरीशेजारी अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट घातलेला एक मराठी म्हातारा आहे, कुणास ठाऊक. परक्यांच्या लग्नांत असा हजर असलेला हा माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नात नव्हता.

ते सांगायलाच हवं, कारण गाड्यांचं वेड तिथूनच लागलं. आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना त्यांनीच मला सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, शेजारच्या टेबलावर उष्टं टिपणाऱ्या साळुंक्यांकडे बघत.

मुलगी ऋचा. जन्म इथला, शाळा इथली. तिला वेई नावाचा चिनी मुलगा आवडला. खांबेट्यांचं तोंड आधीच वाकडं झालेलं. त्यात तो तिला न्यायला आला ते आजोबांच्या वेळची फिकट हिरवी मॉरिस मायनर घेऊन. खांबेट्यांनी खिडकीतून बघितलं आणि ऐकू जाईल असं म्हणाले, "नवी परवडत नाही वाटतं! माझी मुलगी सेकंडहँड गाडीत बसणार नाही."

ऋचानं चपला घातल्या आणि दारात उभी राहून म्हणाली, "पपा, मी जाते."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला नको. उंबऱ्यावर उभं राहून आपल्यात कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. पण ऋचा इंग्रजीत वाढलेली, तिच्या लेखी जाणं म्हणजे जाणं. खांबेटे तापलेलेच होते. ओरडले, "जाते काय, जाते? जा मग! कायमची जा!"

याचा अर्थ इतकाच की, 'येते म्हण'. बार्शीत हे वाक्य एकाआड एका घरातून ऐकू येतं आणि तीच पोरगी दिवेलागणीला पाटावर बसून भाकरी मोडत असते. ऋचाला मात्र शब्दांत जेवढं होतं तेवढंच कळलं. ती गेली.

"लिफ्टचं दार लागेपर्यंत मी उभा होतो," खांबेटे म्हणाले. "मला वाटलं, वळेल आणि चूक सुधारेल."

"कुठली चूक?"

"'जाते' म्हणाली ती."

"आणि तुमची?"

"माझी कसली? मी तर बोलण्याच्या ओघात बोललो."

लग्नाचा दिवस तिनं मोबाइलवर कळवला. हे अक्षता आणि पत्रिकेची वाट बघत बसले. "आमंत्रण असं येतं का? चार शब्द आणि एक फुलाचं चित्र?" ती वाट बघत होती बापाची, बाप वाट बघत होता पत्रिकेची. दोघं शिकलेले. माझा अडाणी बाप असता तर न बोलावता जाऊन मांडवात पाणी वाढायला लागला असता.

ऋचा बुकित तिमाहला सासरी राहते, बंगल्यात. खांबेट्यांना पत्ता पाठ आहे. पण दारात जायचं नाही. "मी का जाऊ? गाडी त्यांच्याकडे आहे." म्हणून त्यांनी तोडगा काढला. दर रविवारी सकाळी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, बुकित तिमाहला जायचं आणि मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभं राहायचं. अशा जुन्या गाड्या वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर आणायची परवानगी असते, आणि मालक मंडळी बहुतेक रविवारीच आणतात. कधीतरी ती हिरवी गाडी येईल, कधीतरी तिच्यात ती असेल.

पहिल्याच महिन्यात मंडळातल्या एकानं त्यांना तिथे हटकलं. "काय खांबेटे, इकडे कुठे?" खांबेटे म्हणाले, "जुन्या गाड्या बघतो." थाप होती ती. पण अकाउंटंटची थाप, ती चोख हवी. पुढच्या माणसानं प्रश्न विचारले तर? म्हणून खांबेट्यांनी अभ्यास केला. अभ्यासाची गोडी लागली. मंडळातले लोक त्यांना गाड्यांचे फोटो पाठवायला लागले आणि त्यांना 'गाडीवाले खांबेटे' म्हणायला लागले. पोटच्या पोरीला बघायला निघालेला माणूस आमच्या लोकांनी करमणुकीचा करून टाकला, आणि त्यानंही होऊ दिलं. कारण वेडा म्हणवून घेणं त्याला परवडत होतं, चुकलो म्हणणं परवडत नव्हतं.

मला याचा राग यायचा. "काका, सरळ फोन करा," मी म्हणायचे. "शिंदे, तुला कळायचं नाही, हे घराण्याचं असतं," ते म्हणायचे. एकदा मी ऐकवलं, "आमच्यात घराणं नव्हतं, म्हणून माणसं राहिली." त्यावर आठवडाभर त्यांनी मला एकही स्थळ दाखवलं नाही.

मग एका शनिवारी ते दारात. "उद्या चल. हवा कोरडी आहे. या बायका ओल्यात बाहेर पडत नाहीत." जिने उतरताना त्यांचा गुडघा आता धरतो, सोबत मागायला आले होते, पण तसं म्हणाले नाहीत. मी गेले.

थांब्यावर तासभर उभे होतो. एक मर्सिडीज झाली ("विधवा आहे, पण ऐट गेली नाही"), एक टपाची व्हॅन झाली. मग खांबेट्यांचं बोलणं मध्येच बंद पडलं. छत्री मिटायची राहिली. 'स्थळ आलं' म्हणायचं राहिलं.

फिकट हिरवी मॉरिस मायनर. गाड्यांचा सिग्नल लाल झाला आणि ती थेट आमच्यासमोर थांबली. चालवत होती ऋचा. एकटीच.

तिनंही पाहिलं. शेजारच्या सीटवर वाकून तिनं काच खाली केली. "पपा?"

दोन वर्षांची वाट बघून झाली होती. बापानं तोंड उघडलं आणि म्हटलं, "मागच्या चाकात हवा कमी आहे."

मी कपाळावर हात मारला. ऋचाचा चेहरा बघता बघता मिटला. "स्टिल द कार, पपा?" ती म्हणाली. "अजून गाडीच?" आणि काच वर घ्यायला लागली.

साबणाची वडी असती तर एका बटणात काच बंद झाली असती आणि हे सगळं तिथेच संपलं असतं. या जुन्या गाडीची काच दांडी फिरवून वर घ्यावी लागते, तीही अडकत अडकत. तेवढ्यात मी पुढे होऊन काचेवर हात ठेवला. माझी न् तिची ओळखही नव्हती. म्हटलं, "ऐक गं. हे गाड्या बघायला येत नाहीत इथे. दर रविवारी तुला बघायला येतात. आणि ते 'कायमची जा' जे आहे ना, ते आमच्याकडे 'लवकर ये' असं असतं. मूर्खपणा आहे, पण असतं तसं."

"व्हॉट?" ती म्हणाली.

मागून बसनं हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता. गाडी फटफटत पुढे गेली.

खांबेटे माझ्यावर चिडले नाहीत, हे मला जास्त लागलं. नुसते म्हणाले, "हवा खरंच कमी होती गं." त्यांचे डोळे त्या मागच्या चाकावरच होते. तेवढ्यात गाडीच्या कुशीतून, जुन्या गाड्यांत दिव्याऐवजी असते ती, वळायच्या इशाऱ्याची पिवळी पट्टी बाहेर आली, आणि गाडी डावीकडे गल्लीत वळून थांबली.

खांबेटे निघाले. छत्री उघडीच, पाऊस नाही, गल्लीत ऊनही नाही. मी मागे गेले नाही, पण गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. खोटं कशाला बोलू.

ते दारापाशी पोचले आणि तिथेच अडकले. हात दारावरून फिरवतायत, कडी चाचपतायत, दाबतायत, ओढतायत. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या गाडीचं कूळ, गाव, इंजिनाची ताकद, सगळं तोंडपाठ असलेल्या माणसाला तिचं दार उघडता येत नव्हतं. आजवर तो कुठल्याच जुन्या गाडीत बसला नव्हता. कुणी बसवलंच नव्हतं.

"पपा, खाली दाबायचं नाही, फिरवायचं. ट्विस्ट!" आतून ऋचाचा आवाज. मग तिनंच वाकून आतून दार उघडलं. "गेट इन लाह. इथे थांबता येत नाही. फाइन होईल."

खांबेटे बसले. उघडी छत्री दारात अडकली, ती तिनं ओढून आत घेतली.

पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. माफी कुणीच मागितली नाही, एवढं खांबेट्यांच्या बोलण्यावरून कळतं. लग्न पुन्हा होणार नव्हतं. मधली दोन वर्षं कुणी परत दिली नाहीत. जावयाशी ते अजून फक्त हवामानावर बोलतात. ऋचा येते तेव्हा जेवायला थांबत नाही आणि बोलते बरंचसं इंग्रजीतून. मंडळातल्यांना यातलं काही माहीत नाही. ते अजून गाड्यांचे फोटो पाठवतात आणि खांबेटे त्यांना अजून उत्तरं देतात.

पण महिन्यातल्या एखाद्या रविवारी ती त्यांना न्यायला येते, आणि ते तिच्या शेजारी बसून जातात. बाप आणि मुलगी बोलायला लागली. एवढं झालं.