आमचे हे गेले, तो आठवडा

आमच्या यांच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे, पण ती चांगली पन्नास वर्षांची मुरलेली आहे. या माणसाने मला एकदाही रडवलं नाही! दारू नाही, बाई नाही, पत्ते नाहीत. अडतीस वर्षं नदीवरची बोट चालवली. सहा दहाची बोट धक्क्याला लावली की सहा पंचवीसला दारात हजर, हातात कोथिंबिरीची जुडी. शेजारणी म्हणतात, एर्मेलिंदा, नशीब काढलंस. आता फादो, म्हणजे विरहाची गाणी, गाणाऱ्या बाईने असल्या नशिबाचं काय लोणचं घालायचं?

गळा म्हणाल तर अख्ख्या अल्फामा वस्तीत माझ्यासारखा नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. विसरले तर मी आठवण करून देते. अदेरितोच्या खानावळीत दर रविवारी दुपारपासून फादो असतो आणि शेवटचं गाणं मिळणं हा मोठा मान. एकोणीस वर्षं तो माझा होता. मग माझा धाकटा दीर कासिमिरो एका पार्लरवालीबरोबर लक्झेंबर्गला पळाला आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे माझ्या जावेचं, नशीब फळफळलं.

फेलिझबेलाचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. पण काळी शाल पांघरून, डोळे मिटून तिने ‘तो गेला’ म्हटलं की कोपऱ्यातल्या थंड पेटीतला बर्फसुद्धा पाझरायचा! महिन्याभरात शेवटचं गाणं तिच्याकडे गेलं. मी अदेरितोला जाब विचारला.

“दोना एर्मेलिंदा, गळा तुमचाच,” तो मान खाली घालून म्हणाला. “पण तुम्ही गाता तेव्हा लोक आणखी मासे मागवतात. ती गाते तेव्हा हातातले काटे-चमचे खाली ठेवतात. दुःख लागतं हो गाण्याला. तुमच्याकडे ते नाही.”

नाही म्हणजे? मागवून घेईन!

घरी येऊन यांना समोर बसवलं. “अहो, आठ दिवस कुठेतरी निघून जा. मला विरह पाहिजे.”

यांनी विचार केला. “जेवायला येऊ ना?”

“विरहात जेवायला येत नसतात!”

सोमवारी मी त्यांना चार शर्ट इस्त्री करून दिले, डब्यात कॉड माशाचे वडे दिले आणि नदीपलीकडे त्यांच्या जुन्या जोडीदाराकडे धाडलं. पुढच्या सोमवारपर्यंत तोंड दाखवायचं नाही, असं बजावलं. मग खुर्चीत बसून दुःखाची वाट पाहू लागले. दुःख कसलं येतंय! झोप आली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा अख्खी रजई माझी. बुधवारी उठले ती टवटवीत होऊन. आरशात बघून मला माझीच लाज वाटली.

निदान माझी शाल तरी दुःखी दिसावी म्हणून ती काळी रंगवून गच्चीच्या कठड्यावर वाळत घातली. समोरच्या खिडकीतून इदालिनाने मान बाहेर काढली. ही बाई गल्लीतली बातमी ज्याची त्याला कळण्याआधी वाटून मोकळी होते.

“बेलार्मिनो दिसत नाहीत?”

“गेले,” मी म्हटलं. रविवारसाठी आवाज कापरा करून बघितला. चांगला लागला.

“अगं बाई! कधी?”

“सोमवारी. पलीकडे.”

“जाताना काही बोलले का?”

“जेवायला येऊ का, विचारत होते.”

इदालिनाने छातीवर क्रूस काढला आणि खिडकी लावून घेतली. मला वाटलं, माझ्या विरहाचा काय प्रभाव पडलाय!

दुपारपर्यंत कोंबडीच्या सुपाची पाच पातेली घरात आली. मी म्हटलं, नवरा निघून गेलेल्या बायकांचा गल्लीत थाट आहे की! म्हणूनच फेलिझबेला अशी फुगली. संध्याकाळी अदेरितो आला, टोपी हातात घेऊन. रविवारचं शेवटचं गाणं तुमचं, म्हणाला, अशा वेळी दुसऱ्या कुणाला द्यायचं? आणि जाताजाता डोळे पुसत म्हणाला, “देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण ‘शेवटचं गाणं’ हे शब्द आधीच कानातून पोटात उतरले होते. तोंड आपोआप मिटलं. दफन पलीकडेच उरकलं, हेही इदालिनाने परस्पर वाटून टाकलं होतं.

शेवटी फेलिझबेला आली. गळ्यात पडली, रडली, सगळं केलं. पण तिच्या डोळ्यांत बघितलं तर शुद्ध जळफळाट! नवरा पळालेलीपुढे विधवेचा मान केव्हाही वरचा, हे तिला बरोबर कळत होतं.

“तुमचं बरं आहे जाऊबाई,” ती हुंदके देत म्हणाली. “तुमचे गेले ते गेले. माझा मेला अजून पोस्टकार्डं पाठवतो.”

त्या एका वाक्याने माझं एकोणीस वर्षांचं गाणं सार्थकी लागलं.

रविवारी खानावळ गच्च भरली होती. मी उभी राहिले आणि तोंड उघडायच्या आत सगळे काटे खाली! गाणं तेच, गळा तोच. मे महिन्यात याच गाण्याला याच लोकांनी जास्तीचा पाव मागवला होता. आता बाप्ये रुमाल पिळत होते. मी आतून आनंदाने फुटत होते, आवाज त्याने थरथरत होता आणि त्या थरथरीवर लोक आणखी रडत होते. दुसरं कडवं निम्म्यावर आलं आणि दार उघडलं.

सहा पंचवीस. दारात आमचे हे. हातात कोथिंबिरीची जुडी!

इदालिना किंचाळून खुर्चीसकट मागे गेली. यांनी रडणारे चेहरे पाहून घाईघाईने टोपी काढली आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“तुम्ही!” अख्खी खानावळ ओरडली.

मग जो हशा उसळला, त्यात माझं उरलेलं कडवं वाहून गेलं. अदेरितोने शेवटच्या गाण्याचा मान जाहीरपणे काढून घेऊन फेलिझबेलाला दिला. पण ती पोट धरून हसत होती, तिच्याने एक सूर निघेना. कुणीतरी ओरडलं, मेलेल्यालाच गाऊ द्या! आणि आमचे हे, जे आंघोळीतसुद्धा कधी गुणगुणले नाहीत, ते खरंच उभे राहिले. टोपी छातीशी धरली, डोळे मिटले आणि माझ्याच चालीवर स्वतःचे शब्द घातले:

“पलीकडे सूप गरम, गादी मऊ,
पाय पुसून ये, असं कुणी ओरडलं नाही.
सात दिवस चिखलाच्या पायांनी आत शिरलो,
घर काही आलं नाही.”

आवाज म्हणजे बोटीचा भोंगा, तोही सर्दी झालेला. पण काटे खाली गेले. फेलिझबेलाचं हसणं थांबलं. अदेरितोने कोपऱ्यात तोंड वळवलं आणि तिथूनच, नाक ओढत, पुढच्या रविवारचं शेवटचं गाणं यांना देऊन टाकलं.

आणि मी? माझ्या गालावरून काहीतरी ओघळत होतं. माशांचा धूर म्हणावा, तर चूल केव्हाच विझली होती.

मी तरातरा यांच्यापुढे गेले, हातातली जुडी हिसकावून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “यायचं होतं सोमवारी, आलात रविवारी. रडवायचं होतं गाण्याआधी, रडवलंत गाणं मोडल्यावर. अडतीस वर्षं बोट मिनिटावर लावलीत हो, मग बायकोच्या बाबतीतच घड्याळ कुठे बुडतं तुमचं? चला घरी. आणि पाय पुसून आत या!”