शेषेरावांचा सर्व्हर आणि मंडळाचा मान
"लातूर काय आन् कंधार काय, सगळ्यांना एका सतरंजीवर बसवतो," असं शेषेरावांनी छाती ठोकून सांगितलं, आणि मुदखेडच्या घरात पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा एक जुना कॉम्प्युटर आणून बसवला. त्यालाच म्हणायचं सर्व्हर! ज्याने त्याने आपल्या घरी गायचं-वाजवायचं, ते नेटवरून इथे एकत्र येणार आणि लगेच सगळ्यांच्या कानात पडणार.

भजनी मंडळाला दुसरा इलाजच नव्हता. गाणाऱ्या नीलाबाई लेकाकडे लातूरला राहायला गेलेल्या, तबलजी जिलानी कंधारला. नीलाबाईंनी बजावलं होतं, रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मी इथल्याच एखाद्या मंडळात बसते. त्या गेल्या की जिलानी तरी साथ कुणाला देणार? मंडळात उरणार शेषेराव आणि त्यांचे टाळ.

सोमवारी भजन सुरू झालं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात चाल मंदावली. तिसऱ्यात तर चढावर उसाची ट्रॉली अडावी तसं झालं. सहा मिनिटांचं भजन सतराव्या मिनिटाला जागीच बसलं.

शेषेरावांचं डोकं फिरलं. नेटवाल्याला त्यांनी फोनवर असं झापलं, की तो ताटावरून उठून आला. त्याने तार पाहिली, नेटचा डबा पाहिला, वेग मोजला, सगळं ठणठणीत. मग तुझं मोजणंच खोटं, म्हणाले शेषेराव. मंगळवारी नवी तार आली, बुधवारी नवा डबा. भजन मात्र रोज सतरा मिनिटं. त्यात शेषेराव मधेच माइकात "जल्दी! जल्दी!" असे खेकसत, की उरलासुरला ठेकाही पळून जाई.

शनिवारी त्यांनी माइकवरूनच जिलानीला धरलं. "तू मुद्दाम मागं राहून राहिलास."

"मुद्दाम न्हाई, भाऊ. बाईंचा सूर माझ्याकडं पोचेस्तोवर थांबतो. बाईंच्या पुढं हात टाकला तर बरं दिसंल का?"

"आन् मी तुझ्या तबल्यासाठी थांबते की," नीलाबाई म्हणाल्या. "तबलजीला सोडून पुढं पळायचं न्हाई, असं शिकवलंय मला."

आता कुठे उजेड पडला. आवाजाला वाटेत पापणी लवण्याइतका वेळ लागत होता. तेवढ्यासाठी जिलानी बाईंकरता थांबे, बाई त्याच्याकरता थांबत, आणि एकमेकांना मान देता देता भजन झोपी जाई. शिव्या खाल्ल्या नेटवाल्याने!

शेषेरावांनी टेबलावर मूठ आपटली. "आजपासून या सर्व्हरवर कुणी कुणाचा मान राखायचा न्हाई. थांबायचं न्हाई. आपापला ठेका धरून चालायचं. माझा हुकूम हाय."

रविवारी भजन असं धावलं, की बरोबर सहाव्या मिनिटाला समेवर आलं. "आता मी कुठंच जात न्हाई," नीलाबाई म्हणाल्या. टाळ कसे झाले, असं शेषेरावांनी विचारलं. पुन्हा विचारलं. ते दोघं आपसांत पुढचं भजन ठरवत होते. तिसऱ्यांदा ओरडून विचारलं, आणि शेवटी संतापून जिलानीला फोन लावला.

"भाऊ," जिलानी जरा अडखळला, "तुमच्या आवाजाची पट्टी आम्ही दोघांनीबी आपापल्या कॉम्प्युटरवर पार खाली वढलीय, कायबी ऐकू येत न्हाई. त्या जल्दी-जल्दीनं लई घोळ व्हायचा."

"मला न विचारता?"

"तुमीच म्हणला ना, कुणाचा मान राखायचा न्हाई."

शेषेरावांचं बोट रागाने सर्व्हरच्या बटणावर गेलं. तेवढ्यात कानात नीलाबाईंनी पुढचं भजन उचललं, आणि जिलानीने तोलून ठेका धरला. बोट मागे आलं. शेषेरावांनी टाळ घेतले, आणि कुणालाही ऐकू न जाणारे ते टाळ भजन संपेपर्यंत अगदी जीव लावून वाजवले.